उत्तराबाईंचं थांबणं

नागपुरात मानेवाड्याच्या त्या गल्लीत उत्तरा भोयरइतकं थांबता येणारं माणूस दुसरं नव्हतं. रांगेत थांबणं वेगळं, ते कुरकुरत का होईना सगळेच करतात. पण समोरचा माणूस एक शब्द शोधतोय, त्याला तो सापडत नाहीये, आणि आपल्याला तो ठाऊक असूनही तोंड मिटून, चेहऱ्यावर घाई न आणता त्याच्याकडे बघत राहायचं, हे तिला जमत होतं. जन्मतः नव्हे. नवऱ्याला अर्धांगवायू झाल्यावर ती ते शिकली होती.

अनंतराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मूळचे पारशिवनीकडच्या एका खेड्यातले. आई लहानपणीच गेली, म्हणून थोरल्या बहिणीनं, रंभाबाईनं, त्यांना वाढवलं. तिचं लग्न झालं तेव्हा ती धाकट्या भावाला सोबत घेऊनच पारशिवनीला सासरी नांदायला आली, असं तिथं अजून सांगतात. नागपूरला शिकायला पाठवायचा हट्टही तिचाच. अनंतराव तिला फक्त ‘बाई’ म्हणत. राखीला कधी ती एस.टी.नं यायची, कधी हे जायचे, पण तो दिवस चुकला नाही.

आणि बोलणं? अनंतराव म्हणजे बोलणारा माणूस. कचेरीत चहाच्या वेळी त्यांच्या टेबलाभोवती खुर्च्या कमी पडत. मोठ्या साहेबाची नक्कल साहेबासमोर करून त्यालाच हसवणारे ते एकटेच. घरी आले की दिवसभराचं सगळं पुन्हा उत्तराला सांगायचं, पात्रांसकट, आवाज बदलून.

एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातून ब्रश गळून पडला. उत्तरानं हाक मारली, तर ते वळले आणि काहीतरी बोलले, पण त्यात ओळखीचा एकही शब्द नव्हता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला होता, उजवा हात अर्धा आला होता. वाचा आली नाही. समजत सगळं होतं. बातम्या ऐकायचे, विनोदाला हसायचे. फक्त आतला शब्द ओठांपर्यंत येता येता वाट चुकायचा. ‘चहा’ म्हणायचं असे आणि ‘चावी’ निघे. आपलंच तोंड आपल्याला फसवतंय हे त्यांना कळायचं, आणि मग डोळे भरून यायचे.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला वेदिका नावाची एक तरुण मुलगी येत असे. तिनं पहिल्याच दिवशी उत्तराला बाजूला घेतलं.

“काकू, काकांइतकंच तुम्हालाही शिकावं लागेल. एक म्हणजे थांबायचं. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करायचं नाही. आणि दुसरं जरा कठीण आहे. तुमचा अंदाज चुकला की तो लगेच सोडून द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं विचारायचं. लोक एकाच अंदाजाला धरून बसतात, अन् मग आजारी माणूस थकून ‘हो’ म्हणून टाकतो.”

उत्तराला पेपरातलं शब्दकोडं सोडवायची लग्नाआधीपासूनची सवय. आवडीनं भरलेला शब्द एका अक्षरासाठी खोडायचा आणि नव्यानं सुरुवात करायची, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. तेच तिनं इथं वापरलं. एकदा अनंतराव सकाळपासून ‘विमान, विमान’ म्हणून राहिले होते. तिनं आधी मुलाचं विचारलं, कारण गौरांग पुण्याला नोकरीला होता.

“गौरांग येऊन राहिला का?”

मान आडवी.

“वरून विमान गेलं, त्याचा आवाज झाला?”

पुन्हा आडवी. कपाळावर आठ्या. तिनं चहाचा कप खाली ठेवला, खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि विमान डोक्यातून काढूनच टाकलं. “बरं, विमान नाही. विमानासारखं काही आहे का? या खोलीत आहे?”

अनंतरावांचा डावा हात वर गेला आणि गोल फिरला. पंखा! पंखा करकर वाजत होता. दोघंही इतके हसले की शेजारची अस्मिता काय झालं म्हणून बघायला आली. त्या घरात असे दिवस पुष्कळ होते. चहा थंड व्हायचा, भाजी करपायची, पण शब्द सापडायचा. वेदिका म्हणायची, काका सुधारून राहिले त्यातलं अर्धं श्रेय काकूंचं आहे.

काही वर्षं अशीच गेली. मग गौरांगनं आईसाठी मोठ्या पडद्याचा फोन घेतला. हेतू चांगलाच होता. व्हिडिओ कॉलवर बाबा दिसतील, आणि वेदिकाचं येणं कमी झालं होतं तर व्यायाम बघून घरीच करता येतील.

व्यायामाच्या व्हिडिओखाली दुसरा व्हिडिओ होता. पालकाच्या वड्यांचा. त्याच्याखाली साडीच्या निऱ्यांचा. त्याच्याखाली सासू-सुनेच्या भांडणाचा, वऱ्हाडी बोलीतला, इतका हुबेहूब की उत्तरा एकटीच खो खो हसली. नंतर मांजर. नंतर एक म्हातारा, नाचणारा. एकेक अर्ध्या मिनिटाचा, आणि अंगठा वर सरकवला की पुढचा हजर.

तिला दोष द्यावा तरी कसा? नवऱ्याला एकटं सोडता येत नाही म्हणून तिनं लग्नकार्यं सोडली होती, भजनी मंडळ सोडलं होतं. आजारी माणसाच्या घरी लोक सुरुवातीला येतात, मग फोन करतात, मग तेही विसरतात. त्या घरात गप्पा मारणारं माणूस गप्प झालं होतं आणि दिवस फार लांब होता. फोनमधली माणसं भरभर बोलायची, पूर्ण वाक्यं बोलायची. त्यांच्यासाठी थांबावं लागत नव्हतं.

काय बदलत गेलं ते तिला कळलं नाही, कारण एका दिवसात काहीच बदललं नाही. आधी शब्दकोडं अर्धं राहायला लागलं. शब्द अडला की पूर्वी ती पेन्सिल हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची. आता अडला की हात फोनकडे जायचा, आणि परत येईस्तोवर पहिले शब्द काय भरले होते तेच आठवत नसे. अस्मिता मुलीच्या लग्नाचं सांगायला बसली की दोन-तीन वाक्यांनंतर उत्तराला वाटायचं, आता हिनं संपवावं. ठरलेल्या वेळी गॅस सिलिंडर आला नाही, वरणाऐवजी अनंतरावांनी दही मागितलं, असल्या बारीकसारीक गोष्टींनी तिचं डोकं फिरायचं. पूर्वी ‘बरं, मग असं करू’ म्हणणारी बाई आता म्हणायची, “आता नाही जमत. ठरलं ते ठरलं.”

वेदिका अधूनमधून यायची. एकदा तिच्यासमोरच अनंतराव म्हणाले, “मले… मले…” आणि उत्तरा स्वयंपाकघरातून ओरडली, “पाणी! आणतो!” पाणी आलं. अनंतरावांनी ते घेतलं आणि न पिता टेबलावर ठेवलं.

वेदिकानं ते पाहिलं. निघताना दारात म्हणाली, “काकू, वाक्यं तुम्ही पूर्ण करून राहिल्या आजकाल.”

“वेळ वाचते ना, बाई. त्यांनाही त्रास कमी.”

“फोन फार बघता का?” वेदिकानं संकोचत विचारलं. “रागावू नका. सगळ्यांचंच असं होते असं मी नाही म्हणत. पण मी स्वतःही पाहिलंय. तासभर त्या छोट्या व्हिडिओंमध्ये गेला की पुढच्या पेशंटपाशी बसवत नाही मला. तिथं न मागता नवीन येत राहते. इथं एकच गोष्ट धरून बसावं लागते, अन् चुकलं तर आपणच मन वळवावं लागते. ते मनच आधी थकतं.”

उत्तरा हसली. “मी काय शाळेतली पोट्टी आहो? दिवसभर मरमर करतो, घडीभर पाहिलं तर काय बिघडलं?” उत्तराला मात्र ते बोलणं लागलं, आणि लागलं म्हणूनच त्या दिवशी तिनं फोन जरा जास्तच पाहिला.

दिवाळी तोंडावर आली. घराला रंग द्यायचा ठरला होता. एका दुपारी उत्तरा कानात वायर घालून भाजी निवडत होती. बाहेर आली तर अनंतराव ताठ बसलेले होते. त्यांचा बटनांचा छोटा फोन मांडीवर. चेहरा लाल झालेला.

“काय झालं?”

“रं…” ते म्हणाले. “रं… रं…”

“रंग?”

त्यांनी मान हलवली, आडवी. पण उत्तराला तोवर उत्तर सापडलं होतं. “रंगवाला ना? परवा येऊन राहिला तो.”

त्यांनी डावा हात हलवून ते पुसून टाकल्यासारखं केलं. डोळे मिटले. ओठ जुळवले. आणि मोठ्या कष्टानं दुसरा शब्द आणला, “पा… पार…”

“पांढरा?” उत्तराला आनंद झाला. “मीही तेच म्हणत होती! आतून पांढराच देऊ.”

अनंतरावांनी मांडीवर हात आपटला. मग त्यांना काय सुचलं, त्यांनी आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरलं आणि बोटं मनगटाभोवती फिरवली, एकदा, दोनदा, गाठ मारल्यासारखी, आणि तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत आशा होती. हे तरी तिला कळेल.

“घड्याळ? किती वाजता येईल म्हणता? सकाळीच येईल हो तो.” तिच्या हातातला फोन थरथरला. तिनं खाली पाहिलं. मैत्रिणीनं काहीतरी पाठवलं होतं. तिनं पाहून मान वर केली तेव्हा अनंतरावांचे हात मांडीवर परत गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती सोफ्यावर पडून व्हिडिओ बघत होती. ते काठी टेकत आले आणि त्यांनी आपला तळहात पडद्यावर ठेवला.

“अहो, एक मिनिट!” ती चिडली. “सांगितलं ना, पांढराच देणार आहो. किती वेळा विचारता तेच ते?”

तेच ते. त्यांनी हात काढून घेतला.

रंगवाले आले त्या सकाळी तिनं पाहिलं तर अनंतराव इस्त्रीचा शर्ट घालून, पायात चपला चढवून फाटकाजवळ खुर्चीत बसलेले. एका हातानं बटनं लावायला त्यांना किती वेळ लागतो हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, “कुठं चालले एवढे सजून? रंग लागल त्या शर्टाले. काढा तो.” तिनं स्वतःच बटनं काढली, घरातला जुना शर्ट चढवला आणि मजुरांकडे वळली. ते दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले.

भिंती वाळल्याही नव्हत्या तेव्हा पारशिवनीहून फोन आला. रंभाबाईचा मुलगा देवराव बोलत होता. “मामी, माय गेली.”

ओळखीच्या गाडीवाल्याला बोलावून दोघं निघाले. अनंतराव पुढं बसले, ती मागं. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर डाव्या हाताला दिसत होता आणि गाडीवाल्यानं पारशिवनीचा रस्ता कोणत्या अंगानं चांगला आहे म्हणून विचारलं. पारशिवनी. उत्तरानं ते नाव मनातल्या मनात पुन्हा म्हटलं. पा, पार. रं, रंभाबाई. ‘बाई’ हा शब्द सापडत नव्हता म्हणून त्यांनी बहिणीचं नाव धरलं, नाव पुरं होईना म्हणून गावाचं धरलं, गावही जमेना म्हणून मनगटावर राखी बांधून दाखवली. मेंदूला मार बसलेल्या माणसानं तीन वेगळ्या वाटांनी येऊन पाहिलं. आणि ती धडधाकट बाई रंगाच्या डब्यापाशी उभी राहिली ती हललीच नाही.

तिनं पुढच्या सीटवरच्या त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मागं पाहिलं नाही.

अंगणात माणसं बसली होती. देवरावची बायको जयवंता उत्तराच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडताच म्हणाली, “मामीजी, तुम्ही काहून नाही आल्या वं? सासूबाईनं खाटेवरूनच मामाजीले फोन केलता. मीच लावून देल्ला होता. म्हने, अनंताले म्हना एकडाव तोंड दाखवून जाय. उत्तराले सांगजो, ते आनन तुले. मंग रोज दाराकडं पाहे. गाडीचा आवाज आला का मान उचले.”

देवराव जवळ आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. “मामा, यायचं होतं गा. लय वाट पाह्यली तिनं.”

सगळ्यांनी अनंतरावांकडे पाहिलं. उत्तरा पुढं झाली. सांगायचंच तिनं ठरवलं होतं, ते सांगत होते, मीच ऐकलं नाही. पण तिचं तोंड उघडण्याआधी अनंतरावांनी काठी तिच्या पुढ्यात आडवी केली. थांब. मग डाव्या हातानं आपला उजवा गुडघा थोपटला आणि म्हणाले, “पाय… पाय…” आणि मान खाली घातली.

“बरं, बरं मामा,” देवराव म्हणाला. “पायानं नसन जमलं. जाऊ द्या.”

अंगणातल्या लोकांनी ते मान्य केलं. लंगडा माणूस, आला तेवढं पुष्कळ. उत्तरा खाली बसली. ज्या माणसाला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं त्यानं तिच्यासाठी खोटं बोलून दाखवलं होतं, आणि ते खोटं सगळ्यांना पहिल्याच झटक्यात समजलं.

तेरवी उरकून घरी आल्यावर तिनं त्यांच्यासमोर बसून सगळं बोलून टाकलं. मले कळायला पाहिजे होतं, मी तुमच्याकडे पाहिलंच नाही. ते ऐकत होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ, आणि काढला. त्यात माफी होती की निरोप होता, हे तिला ठरवता आलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मोठा फोन तिनं कपाटात टाकला. गौरांगला सांगितलं, साध्या फोनवर बोलत जा. तिला वाटलं होतं, फोन गेला की जुनी उत्तरा परत येईल. तसं झालं नाही. अनंतरावांसमोर बसलं की काही क्षणांतच मन उठून जायचं. कुकर लावला का, अस्मिताचा डबा द्यायचा राहिला, खालची मोटर बंद केली का. मांडीवर ठेवलेला अंगठा आपोआप हलायचा. रिकामा, नुसताच वर सरकायचा. ती तो दुसऱ्या हातात दाबून धरायची. शब्दकोडं पुन्हा घेतलं. पहिल्यांदा रडायला आलं, नंतर हळूहळू थोडं थोडं जमायला लागलं. पौष लागेपर्यंत ती पूर्वीसारखी नाही, पण बऱ्यापैकी बसू शकत होती.

पण तोवर अनंतरावांनी बोलायचं सोडलं होतं. चहा, पाणी, हो. तेवढ्यावर दिवस निघायचा. वेदिका आली, तिनं चित्रं दाखवली, गाणी म्हणवून पाहिली. जाताना म्हणाली, “काकू, शब्द अजून आहेत आत. पण सांगून पाहायची जी धडपड लागते ना, तीच थांबली. ती बाहेरून घालता येत नाही.”

“मी आता थांबते, वेदिका. खरंच थांबते.”

“दिसतंय काकू,” वेदिका म्हणाली.

परवा दुपारी दोघं गच्चीवर उन्हात बसले होते. अनंतराव समोरच्या घराच्या गच्चीकडे पाहत होते. तिथं कोणी पापड वाळत घातले होते. एकाएकी ते म्हणाले, “ते…”

उत्तरानं हातातलं स्वेटर बाजूला ठेवलं. ती काही म्हणाली नाही. पापड म्हणाली नाही, ऊन म्हणाली नाही, घरी जायचं का म्हणाली नाही. खाली कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

“ते…” त्यांचे ओठ हलले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, जणू सांगावं की नाही हे तोलत होते. तिला वाटलं, आता येईल. तिनं श्वाससुद्धा हळू घेतला.

मग त्यांनी डावा हात हवेत हलवला.

“काही नाही,” ते म्हणाले.

हे दोन शब्द आता त्यांना न अडखळता येतात.